मान वाकवताना

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघाल्यावर गॅसचं बटण बंद केलं का, हे बघायला मी जिन्यावरून परत येते. बघून झाल्यावर, नीट बघितलं का, म्हणून पुन्हा वळते. नवरा म्हणतो, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." आमच्या घरात बुद्धवंदना होते, ब्रह्मराक्षसाला उंबऱ्याच्या आत जागा नाही. पण माणसांनी धर्म बदलला तरी म्हणी घरातच राहतात, तशी ही राहिली आहे.

ही भीती आईची. वडील वीज खात्यात लाईनमन होते, जनवाड्याच्या आसपासचे खांब त्यांच्याकडे. ते कामावर निघाले की आई परातीत पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहायची. वडील म्हणायचे, "आगं, लाईन बंद करूनच चढतो की मी." आई म्हणायची, "बंद केलेली दुसऱ्यानं चालू केली मंजे?" वडील हसायचे. पुढे ते रीतसर निवृत्त झाले, नातवंडं खेळवली आणि म्हातारपणी घरच्या अंथरुणावर गेले. आईची एकही भीती खरी झाली नाही. मला मात्र कायम वाटत आलं की ती दारात उभी राहायची, म्हणूनच ते जपून चढायचे. याचा पुरावा काही नाही, पण माझं सगळं शिकवणं मी त्यावरच उभं केलं आहे.

माझं कामही न दिसणाऱ्या गोष्टीचंच. पाटीवर कलबुर्गी लिहिलेल्या आणि आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच असलेल्या शहरात, कॅन्सरच्या एका दवाखान्यात मी किरणोपचार विभागात आहे. मशीनमधून किरण सोडायचे, ते गाठीवर पडतात, गाठ हळूहळू मरते. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका नाही. आवाज म्हणाल तर मशीनची भुणभुण. पेशंटला त्या क्षणी काहीच कळत नाही. आणि ते चुकीच्या जागी पडले तरी त्या क्षणी काहीच कळत नाही. कळतं ते काही महिन्यांनी. या नोकरीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची.

गेली काही वर्षं माझ्याकडे आणखी एक काम आलं आहे. पदवी घेऊन नवीन आलेल्या मुलामुलींना प्लॅनिंगसाठी तयार करायचं. पेशंटला आधी सीटीच्या पाटावर झोपवायचं, आणि पुढे रोज जसं झोपवणार अगदी तसंच झोपवायचं. मग त्याच्या अंगाच्या चकत्या संगणकावर येतात, मुळ्याच्या कराव्यात तशा पातळ. एकेका चकतीवर गाठ कुठे आहे, जपायचं काय आहे, ते आखायचं आणि किरण कुठून किती सोडायचे ते ठरवायचं. शेवटची सही डॉक्टरांची आणि किरणांचा हिशेब बघणाऱ्या फिजिसिस्टची, पण सरावासाठी पहिली आखणी मी मुलांकडूनच करून घेते.

जिभेचे आणि घशाचे कॅन्सर आमच्याकडे रग्गड. त्यात जपायची मुख्य गोष्ट म्हणजे मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड, मानेच्या मणक्यांतून खाली गेलेला, गाठीपासून फार तर दोन बोटं लांब. गाठीला भरपूर किरण पोचले पाहिजेत आणि याला अगदी थोडे. याला जास्त पडले तर काही महिन्यांनी माणसाच्या पायांतली ताकद जाऊ शकते, आणि गेली की कुठल्याही औषधाने परत येत नाही.

नवीन येणारी पोरं हुशार असतात. माझ्यापेक्षा संगणक त्यांना चांगला येतो. पण त्यांना पडद्यावर रंग दिसतो, माणूस दिसत नाही. लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. मज्जारज्जू निळ्यात बसला की पोरं खूष, घराला रंग देऊन झाल्यासारखी हात झटकतात. म्हणून मी पहिल्या आठवड्यात त्यांना संगणकाला हात लावू देत नाही. एकेकाला पाटावर झोपवते आणि त्यांचा स्वतःचा मास्क बनवते. मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळी. गरम पाण्यातून काढून ती चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यांवर ताणायची. थंड झाली की त्या माणसाचा साचा तयार. बाजूंनी ती पाटाला घट्ट अडकवायची, म्हणजे माणूस हलत नाही. एवढं करून मी म्हणते, "आलेच हं," आणि बाहेर जाऊन चहा पिते.

परत येते तेव्हा कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलेलं असतं. कुणी म्हणतं, गिळता येत नव्हतं. एका दांडगट मुलाने तर नंतर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. त्यानंतर प्रत्येक प्लॅनच्या आधी माझा एकच प्रश्न असतो: यात काय चुकू शकतं? "काही नाही मॅडम" असं उत्तर आलं की मी प्लॅन पुसायला लावते. पोरं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका वर्षी आलेल्यांत एक मुलगी दुबलगुंडीची होती. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान, घर बसवण्णांना मानणारं, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, म्हणजे जन्मभर अंगावर वागवायचा देव. आईशी कन्नड, बापाशी मराठी, हैदराबादेकडच्या पेशंटांशी दखनी उर्दू, आणि तिन्ही भाषांत बडबड सारखीच. तिलाही मी मास्कमध्ये ठेवून चहाला गेले. परत आले तर ती घोरत होती.

"भीती नाही का वाटली?" मी जरा रागानेच विचारलं.

"कामून वाटंल मॅडम? तुमी बाहीर होतावच की."

आता याला काय म्हणावं. मला हसू आलं, आणि लगेच गेलं. कारण मी बाहेर आहे यावर तिचा जेवढा भरवसा होता तेवढा माझा स्वतःचा नव्हता.

अप्पा नावाचे पेशंट आले ते याच सुमाराला. मुडबीकडचे, सगळं आयुष्य बसवकल्याणच्या अडत बाजारात तुरीच्या ढिगांपुढे उभं राहून लिलाव पुकारण्यात गेलेलं. जिभेच्या बुडाशी गाठ आणि मानेत दोन्ही बाजूंना पसरलेली. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं: तोंड कोरडं पडेल, चव जाईल, आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. अप्पा खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "आन पाय?"

डॉक्टर म्हणाले, पायांना काही होणार नाही, त्याचीच काळजी घेतो आपण.

"मंग चालंल. पुकारायला पोरगा हाय. पन ह्या ढिगापसनं त्या ढिगापस्तोर मला चालता आलं पायजे बगा. बाजारात बसून ऱ्हानारा मानूस मंजे पोतं."

मी तिथे उभी होते. मज्जारज्जूचं मी पोरांना रोज सांगते, पण कुणा पेशंटने स्वतःहून नेमकं त्यावरच बोट ठेवावं असं क्वचित होतं.

त्यांच्या सीटीच्या दिवशी मला सकाळपासून कणकण होती. काचेतून बघत होते. अप्पांच्या गळ्यात दोऱ्यात अडकवलेली चांदीची डबी होती, तिच्यात इष्टलिंग. मास्कच्या खाली धातू चालत नाही, सीटीत त्याच्या रेघा पडतात. सीटीवरच्या माणसाने ते काढून ठेवायला सांगितलं. अप्पांनी डबी मुठीत धरली आणि पाटावरून उतरून उभे राहिले.

"हे अंगायेगळं न्हाई होत. मेल्यावर बी न्हाई."

आता वाद होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात माझी दुबलगुंडीची मुलगी आत गेली. कन्नडमध्ये काहीतरी बोलली, अप्पा हसले, आणि बघता बघता ते पाटावर आडवे झाले, डबी बाजूच्या ट्रेमध्ये, जाळी चेहऱ्यावर. मी काचेवर टकटक करून तिला हाताने "शाब्बास" अशी खूण केली आणि घरी जाऊन पडले. तापाने मला चांगलंच धरलं. ती शाब्बासकी मला पुढे फार दिवस आठवत राहिली.

मी परत कामावर आले तेव्हा अप्पांचा प्लॅन होऊन, सह्या होऊन, दोन दिवस किरण देऊनही झाले होते. तो त्या मुलीचा पहिला प्लॅन होता. ती माझी वाटच बघत होती. "बगा की मॅडम, बगा की," म्हणून तिने मला संगणकापुढे बसवलं.

प्लॅन सुरेख होता, खोटं कशाला बोलू. लाल रंग गाठीला धरून आणि मज्जारज्जूपाशी आत वळलेला, एखाद्या बाईने शेणाच्या सड्यातून पाय वाचवत जावं तसा. मी बघत राहिले. मग सवयीने मागच्या दोन दिवसांचे फोटो उघडले. किरण देण्याआधी रोज मशीनवर मानेचा फोटो घेतात आणि तो सीटीशी ताडून बघतात. दोन्ही दिवशी संगणकाने हिरवी खूण करून जुळलं म्हणून सांगितलं होतं. हनुवटी जुळत होती, जबडा जुळत होता. खाली मात्र मानेचे मणके सीटीतल्यापेक्षा वेगळ्या बाकात होते. थोडेच. पण रोज मान धरून बसलेल्या माझ्यासारखीला ते थोडं दिसतं.

"मान अशी का आली?" मी विचारलं.

"हनुवटीला जुळवून घेतलं म्हनले. हिरवं आलं की."

मी सीटी पुन्हा उघडली आणि चकत्या एकेक करत खाली उतरले. मान संपली, खांदे आले. दोन खांद्यांच्या मधे, पाठ आणि पाट यांच्या फटीत एक छोटा गोल होता, सीटीत हाड दिसतं तसा पांढरा. बोरापेक्षा मोठा. पाठ त्यावर टेकून किंचित वर उचलली गेली होती.

"हे काय आहे?"

तिने वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "अप्पांचं इष्टलिंग हाय मॅडम. डबीतनं काढून कापडात बांदलं आन दोरा फिरवून पाठीमागं घेतलं. अंगायेगळं न्हाई करता येत ना."

"लिहिलं होतंस कुठे?"

"त्यात काय ल्ह्यायचं? सगळ्यांनाच म्हाईत हाय की."

सगळ्यांनाच. डॉक्टर किनारपट्टीचे, फिजिसिस्ट तेलंगणातला. त्यांनी तो गोल पाटाचाच काही भाग समजून सोडून दिला असणार. मशीनवरचा मुलगाही बाहेरचा. सीटीवरचा माणूस इथलाच, त्यालाही त्यात वेगळं काही वाटलं नसणार. ज्याला ही रीत माहीत नव्हती असा कुणी सीटीच्या खोलीत असता, तर त्याने शंभर प्रश्न विचारले असते, वाद घातला असता, आणि चिडून का होईना, लिहून ठेवलं असतं. हिला रीत जन्मापासून ठाऊक, म्हणून हिच्या डोक्यात प्रश्नच आला नाही. घरात पाण्याचा माठ कुठे आहे ते आपण लिहून ठेवतो का?

सीटीत पाठीखाली खडा होता. मग मशीनवर तो कुठे होता?

"अप्पा आज किती वाजता आहेत?"

"आता आत नेलं की त्यांना."

मी पळाले. माझ्या वयाला आणि अंगाला पळणं शोभत नाही. जिना उतरताना चप्पल सुटली ती तिथेच राहिली. मशीनच्या खोलीचं जाड दार बंद झालेलं. बाहेर टेबलाशी मशीनवरचा मुलगा बसलेला, समोर फोटो जुळून हिरवा झालेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळीच्या मास्कमध्ये अप्पा, स्वस्थ, पाय सरळ, अंगठे वर. मी "थांब!" एवढ्या जोराने ओरडले की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उभे राहिले.

त्या मुलाचा हात बटणापासून मागे आला. तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

आत जाऊन मास्कच्या कड्या सोडल्या. अप्पांच्या चेहऱ्यावर जाळीची नक्षी उठली होती. ते उठून बसले.

"झालं व्हय?"

"नाही अप्पा. इष्टलिंग कुठाय?"

त्यांनी डावी मूठ उघडली. कापडात बांधलेला तो काळा गोल तळहातावर होता.

"सीटीच्या दिवशी पाठीखाली होतं ना?"

"त्या पोरीनं पाठीमागं घ्या म्हनली, घेतलो. ह्या पोरानं गळ्यात कायबी नको म्हनला, मुठीत धरलो. दोन्ही अंगालाच की. कामून, काय झालं?"

डॉक्टर येऊन सांगतील, एवढंच मी म्हटलं. पाठीखालचा आधार गेल्यामुळे खांदे पाटाला टेकले होते, मान वेगळ्या बाकात आली होती, आणि दोन दिवस मज्जारज्जू आम्ही आखलेल्या जागेपासून सरकलेला होता. लाल ज्या ठिकाणी आत वळत होता, तिथे मज्जारज्जू होताच असं नाही. माझ्या मागे ती मुलगी येऊन उभी होती. तिने मूठ बघितली, अप्पांची पाठ बघितली, आणि तिला सगळं एकदम समजलं. तिचा चेहरा असा मी पहिल्यांदाच बघितला.

डॉक्टरांनी अप्पांपासून काही लपवलं नाही, हे त्यांचं मी मानते. समोर बसवून सांगितलं. अप्पांचा मुलगा चिडला, ते बरोबरच होतं. अप्पा म्हणाले, "दोन दिस वाकडं बसलं म्हना की." फिजिसिस्टने त्या दोन दिवसांच्या फोटोंवरून पुन्हा सगळा हिशेब मांडला. थोडे जास्त पडले आहेत, पुढच्या दिवसांत तेवढे कमी करता येतील, मर्यादेच्या आतच राहील. मग तो चष्मा काढून म्हणाला, "धोका नाही असंच म्हणावं लागेल."

असंच म्हणावं लागेल. ते शब्द मी घरी घेऊन आले. त्या आठवड्यात मी गॅसचं बटण किती वेळा बघितलं ते नवऱ्याला विचारा.

अप्पांचं सगळं नव्याने केलं. नवी सीटी, नवा मास्क, नवा प्लॅन. इष्टलिंगाचं अप्पांनाच विचारलं. त्यांनी दंडाला बांधू म्हणून सांगितलं, त्यांचे आजोबा शेतात तसंच बांधायचे. तेव्हापासून आमच्याकडे सीटीआधी प्रत्येकाला विचारायचं ठरलं: अंगावेगळं न होणारं काय आहे, आणि ते कुठे ठेवायचं? लिंग असो, ताईत असो, मंगळसूत्र असो. प्लॅनवर लिहायचं, मशीनवर मोठ्याने वाचायचं. अप्पांचं पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तोंड आलं, वजन उतरलं, पेज सोडून काही गिळेना, आणि एक दिवस उपचार संपले. जाताना त्यांनी आम्हाला हात जोडले. मला ते बघवेना.

ती मुलगी मात्र बदलली. जी मास्कमध्ये घोरत होती, ती आता पेशंटला पाटावर घेतल्यावर तीन तीनदा सगळं तपासायची. बडबड बंद. प्लॅन करायला बसली की एका चकतीवरून पुढे जाईना. "यात काय चुकू शकतं?" असं मी विचारलं की ती इतकी उत्तरं द्यायची की मलाच "बास गं" म्हणावं लागायचं. मनातून मला बरं वाटत होतं. आता ही चांगली होणार, असं मी नवऱ्याला सांगितलंही. एवढ्या वर्षांत एक तरी पोर मला हवं तसं भ्यायलं होतं.

एक दिवस तिने विचारलं, "मॅडम, अप्पांना काही झालं असंल तर कवा कळंल?"

मी तिला सांगितलं. काही महिने जावे लागतात. कधीकधी पहिली खूण अशी असते की मान पुढे वाकवली की पाठीतून खाली पायापर्यंत विजेसारखी झिणझिणी जाते.

ती म्हणाली, "अप्पा रोज सकाळी पूजेला बसत असतेल. डाव्या हातावर देव घेऊन मान वाकवूनच बसायलाव आमी."

पहिल्या तपासणीला अप्पा आले तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिनेच त्यांना गाठलं. मी तिच्या मागे उभी होते आणि माझे डोळे अप्पांच्या पायांवर होते. पाय नीट पडत होते, वहाणा फरफटत नव्हत्या. तिने विचारलं, "अप्पा, सकाळी पूजेला मान वाकवल्यावर पाठीतनं झिणझिण्या येत्यात का? करंट लागल्यावानी?"

"न्हाई गं माय. कामून?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, असं काही झालं तर लगेच या, फोन करा, अंगावर काढू नका. अप्पांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला तिने तेच विचारलं, त्याच्या पुढच्या खेपेला परत तेच. मधल्या दिवसांत ती अप्पांच्या मुलाला फोनही करायची, हे मला नंतर कळलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, न्हाई. प्रत्येक वेळी आम्ही दोघी सुटल्यासारखा श्वास सोडायचो, आणि संध्याकाळपर्यंत भीती परत जागेवर.

मागच्या महिन्यात अप्पा आले होते. गाठ दिसत नाही असं डॉक्टर म्हणाले. वजन भरलं होतं, आवाज चिरका झाला होता पण होता. बस स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत आलो, रिक्षा केली नाही, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं. बाजारातही जायलोय म्हणाले. मी पाय बघितले. मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनमधून त्यांच्यासाठी चहा मागवला.

चहा घेता घेता मुलीने विचारलंच. "अप्पा, मान वाकवल्यावर..."

अप्पांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते.

"न्हाई येत, माय. पन एक सांगू का. पयलं मी पूजेला बसलो की देवाकडं बगत बसायचो, दुसरं कायबी ध्यानात ऱ्हायचं न्हाई. तू इचारायलीस तसं, मान वाकवली की पाठीकडंच ध्यान जायलंय. आज आलं का, आज आलं का. देव हातात ऱ्हायलाय, आन मी पाठीत."

मुलीचे डोळे भरले. अप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नगं. तुजी काळजी कळतीय मला." चहा संपवून ते उठले. आम्ही दोघी दारापर्यंत गेलो. ते लांबच्या लांब बोळातून चालत गेले आणि आम्ही दोघीही त्यांच्या पायांकडे बघत राहिलो, हे मध्येच माझ्या लक्षात आलं तरी नजर काढता आली नाही. कोपऱ्यावर वळायच्या आधी त्यांनी मागे वळून बघितलं. आम्ही उभ्याच आहोत हे त्यांना दिसलं.

"पुढच्या वेळी विचारू नकोस," मी तिला म्हटलं. "डॉक्टर बघतील तपासून."

"न इचारता कसं ऱ्हावं मॅडम?"

मी शिकवलेलंच ती मला विचारत होती.

त्या दिवशी घरी जाताना मला वडील आठवत राहिले. खांबावर चढल्यावर त्यांचं लक्ष तारेवर असायचं, की दारात उभ्या असलेल्या आईवर, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.